ग्रीसमध्ये पारंपरिक जेवण कसे अनुभवावे : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

ग्रीसच्या सहलीची आखणी करताना अक्रोपोलिस किती वाजता पाहायचे, सान्तोरिनीला बोटीने जायचे की विमानाने, याचा आपल्याकडे बारकाईने विचार होतो. जेवणाचे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ असेच ठरते. मग अथेन्सच्या प्लाका भागात दारात उभे राहून बोलावणाऱ्या माणसाच्या आग्रहाखातर आपण एखाद्या ठिकाणी बसतो, चित्रांच्या मेनूवरून मुसाका (वांगी आणि खिम्याचे थर लावून भट्टीत भाजलेला पदार्थ) किंवा सुवलाकी (सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे) मागवतो आणि ग्रीक जेवण म्हणजे मांस आणि चीज, असा समज घेऊन परततो. हा समज चुकीचा आहे. ग्रीक घरांत पिढ्यान्‌पिढ्या जे रोज शिजत आले, त्यात कडधान्ये, डाळी, रानभाज्या, ऑलिव्ह तेल, पाव आणि थोडे चीज यांचाच वाटा मोठा होता; मांस रविवारी आणि सणासुदीला होत असे. युनेस्कोने २०१० साली भूमध्य आहारपरंपरेचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तो याच साध्या जेवणामुळे आणि ते एकत्र बसून खाण्याच्या रीतीमुळे.

हे जेवण आजही मिळते आणि ते महाग नसते. पण त्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ग्रीसमध्ये बहुतेक पदार्थांची जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे आणि ऋतूही ठरलेला आहे. पदार्थांची नावे पाठ करण्यापेक्षा कोणती वस्तू कुठे आणि केव्हा मागायची हे कळणे नवख्या माणसाला अधिक उपयोगी पडते. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत.

पायरी १ : महिना ठरवताना जेवणाचाही विचार करावा

जून ते सप्टेंबर हे टोमॅटो, काकडी, वांगी आणि ढोबळी मिरचीचे दिवस. भात आणि पुदिना-पार्सली भरून भट्टीत भाजलेले टोमॅटो आणि मिरच्या, म्हणजे ‘येमिस्ता’, याच काळात खावेत. हिवाळ्यात तोच पदार्थ मिळालाच, तर टोमॅटो बेचव असतो आणि मग पदार्थाला नाव ठेवले जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंजिरे आणि द्राक्षे येतात. वसंतात आर्टिचोक, म्हणजे खाण्याजोग्या मोठ्या कळ्यांची एक भाजी, येतात. बटाटा, गाजर, लिंबू आणि भरपूर शेपू घालून केलेली त्यांची रस्साभाजी एप्रिल-मेमध्ये गेलेल्याने सोडू नये. हिवाळा हा डाळींच्या आणि घेवड्याच्या सुपांचा व रानभाज्यांचा काळ असतो. क्रीट बेटावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्राक्षांच्या चोथ्यापासून ‘त्सिकुद्या’ नावाची दारू गाळली जाते, तेव्हा गावोगावच्या भट्ट्यांभोवती खाण्यापिण्याची मैफल भरते.

लहान बेटांवरच्या अनेक खानावळी नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बंद असतात, हेही लक्षात असावे. थंडीत जायचे असल्यास अथेन्स, थेस्सालोनिकी, क्रीटमधील शहरे किंवा एपिरसचा डोंगराळ भाग निवडावा, कारण तिथे स्थानिक लोकच गिऱ्हाईक असल्याने स्वयंपाकघरे वर्षभर चालू राहतात.

शाकाहारी प्रवाशाला माझी आग्रहाची सूचना अशी, की शक्य असल्यास ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात ग्रीसला जावे. ऑर्थोडॉक्स पंथात ‘स्वच्छ सोमवार’ या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४८ दिवसांचा उपवास असतो. त्यात मांस, दूध, दुग्धजन्य पदार्थ, अंडी आणि मासे वर्ज्य असतात. आज सगळेच तो पूर्ण पाळत नाहीत, तरी खानावळी आणि बेकऱ्या या काळात ‘निस्तिसिमा’ म्हणजे उपवासाचे पदार्थ आवर्जून करतात. ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख बहुतेक वर्षी पाश्चात्त्य ईस्टरहून वेगळी येते. २०२७ साली तो २ मे रोजी आहे, म्हणजे उपवास १५ मार्चला सुरू होईल. ऑगस्टच्या १ ते १४ तारखांना आणि नाताळाआधीचे ४० दिवसही उपवासाचे असतात. मात्र कोळंबी, कालवे, माकुल आणि ऑक्टोपस हे या उपवासाला चालतात. तेव्हा ‘निस्तिसिमो’ हा शब्द शाकाहाराची हमी देत नाही, तो फक्त शोध सोपा करतो.

पायरी २ : पोट ग्रीक घड्याळाला लावावे

सकाळचे खाणे अगदी हलके असते. कॉफी आणि रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेले तिळाचे गोल कडे, म्हणजे ‘कुलुरी’, किंवा बेकरीतली चीज भरलेली ‘तिरोपिता’ वा पालक भरलेली ‘स्पानाकोपिता’ एवढ्यावर लोक कामाला लागतात. दुपारचे जेवण दोन ते चारच्या दरम्यान होते, रात्रीचे नऊनंतर, आणि उन्हाळ्यात दहालाही कुटुंबे मुलाबाळांसह येऊन बसतात. संध्याकाळी सात वाजता भरलेली खानावळ दिसली, तर ती पर्यटकांनी भरलेली आहे असे समजावे.

आपल्याला आठ-साडेआठला जेवायची सवय असते, त्यामुळे मुख्य जेवण दुपारी ठेवणे सर्वांत सोयीचे. त्यामागे आणखी एक कारण आहे. घरगुती पद्धतीचे शिजवलेले पदार्थ सकाळी तयार होतात आणि दुपारी सगळे प्रकार उपलब्ध असतात. रात्रीपर्यंत चांगले संपलेले असतात आणि काही ठिकाणे तर संध्याकाळी बंदच होतात. ग्रिलवरचे मांस आणि मासे मात्र मागणीनंतर भाजले जात असल्यामुळे ते रात्री खाल्लेले चांगले.

पायरी ३ : पाटी वाचायला शिकावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. ग्रीसमध्ये खाण्याच्या ठिकाणांचे प्रकार ठळकपणे वेगळे आहेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. ‘ताव्हेर्ना’ म्हणजे सर्व प्रकारचे जेवण देणारी साधी खानावळ. ‘प्सिस्तार्या’ म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे ठिकाण. तिथे भाजीची अपेक्षा ठेवू नये. ‘प्सारोताव्हेर्ना’ मासळीसाठी. ‘उझेरी’, ‘त्सिपुरादिको’ आणि ‘मेझेदोपोलिओ’ या ठिकाणी मद्याबरोबर लहान लहान बशांतून खाण्याचे पदार्थ येतात, ज्यांना एकत्रितपणे ‘मेझे’ म्हणतात. ‘काफेनिओ’ हे गावातले कॉफीचे दुकान असते. खेडेगावात तिथेच अंडी, चीज, ऑलिव्ह असे काहीबाही खायलाही मिळते. ‘फूर्नोस’ म्हणजे बेकरी, ‘झाखारोप्लास्तिओ’ म्हणजे मिठाईचे दुकान.

नवख्या माणसाने या सगळ्यांत आधी शोधावे ते ‘मायिरिओ’, म्हणजे शिजवलेल्या घरगुती जेवणाची खानावळ. तिथे काचेमागे किंवा थेट स्वयंपाकघराच्या तोंडाशी मोठे ॲल्युमिनियमचे ट्रे आणि पातेली मांडलेली असतात. एका ट्रेमध्ये टोमॅटोत शिजलेल्या लांब हिरव्या शेंगा असतात, कडेला तेलाची सोनेरी रेषा साठलेली असते. शेजारच्या ट्रेमध्ये मोठा पांढरा घेवडा, वरचे दाणे भट्टीत किंचित करपलेले. पलीकडे वांगी, बटाटे, दुधी-झुकिनीच्या फोडी एकत्र भाजलेला ‘ब्रिआम’. एका पातेल्यात मसूर, दुसऱ्यात मटण. भाषा येत नसली तरी अडत नाही. आत येऊन ट्रे पाहण्याची रीतच आहे. बोटाने दाखवावे, यात मांस आहे का ते विचारावे आणि जागेवर जाऊन बसावे. मेनू न वाचता, पदार्थ डोळ्यांनी पाहून मागवण्याची ही सोय परक्या देशात फार मोलाची आहे.

हे पदार्थ वाफाळते येणार नाहीत. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, म्हणजे ‘लादेरा’, कोमट किंवा खोलीच्या तापमानाला खाण्याचीच पद्धत आहे, कारण तेव्हाच तेलाची आणि टोमॅटोची चव नीट लागते. जेवण गार आहे म्हणून परत पाठवू नये.

अशी ठिकाणे सापडायची कुठे? अथेन्समध्ये पेत्रालोना, पांग्राती, किप्सेली यांसारख्या वस्त्यांत, जिथे पर्यटक कमी आणि राहणारे लोक जास्त. बाजाराभोवतीही ती हमखास असतात. अथिनास रस्त्यावरचा ‘वार्वाकिओस’ हा एकोणिसाव्या शतकात बांधलेला मध्यवर्ती बाजार सकाळी पाहावा. त्याच्या आत मांस आणि मासळी उघड्यावर टांगलेली असते, हे शाकाहाऱ्यांनी आधीच जाणून असावे. फळे आणि भाज्या रस्त्याच्या पलीकडे आहेत, आणि जवळच्या एव्हरिपिदू रस्त्यावर सुकवलेल्या वनस्पती, ओरेगानो आणि मसाल्यांची दुकाने आहेत. याखेरीज प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक दिवस ‘लाइकी’ म्हणजे रस्त्यावरचा भाजीबाजार भरतो. तो कोणत्या वारी भरतो हे राहत्या ठिकाणी विचारून घ्यावे. त्या ऋतूत काय मागवायचे हे तिथे दहा मिनिटांत कळते.

पायरी ४ : आपली पथ्ये स्पष्ट सांगावीत

मराठी प्रवाशांपैकी अनेकजण शाकाहारी असतात आणि मांसाहारी असलेल्यांपैकीही अनेकजण गोमांस खात नाहीत. या दोन्ही गटांना ग्रीसमध्ये भरपूर खाता येते, पण विचारल्याशिवाय खाऊ नये.

आधी मांसाविषयी. ‘मोस्खारी’ म्हणजे गोमांस, ‘हिरिनो’ म्हणजे डुकराचे, ‘आर्नी’ म्हणजे मेंढीच्या कोकराचे, ‘कात्सिकी’ म्हणजे करडाचे आणि ‘कोतोपुलो’ म्हणजे कोंबडीचे मांस. खिम्याला ग्रीकमध्येही ‘किमा’च म्हणतात, आणि तो बहुधा गोमांसाचा किंवा गोमांस व डुकराचे मांस यांच्या मिश्रणाचा असतो. म्हणून मुसाका, ‘पास्तित्सिओ’ (पास्ता आणि खिम्याचा भट्टीतला पदार्थ), मांसाचे गोळे आणि खिमा भरलेली द्राक्षाची पाने हे पदार्थ गोमांस न खाणाऱ्यांनी टाळावेत. ‘स्तिफादो’ हा छोट्या कांद्यांचा, दालचिनी-लवंगेच्या वासाचा सुंदर रस्सा असतो, पण तोही बहुतेकदा गोमांसाचा किंवा सशाचा असतो. सुवलाकी आणि ‘यीरोस’ हे रस्त्यावरचे लोकप्रिय प्रकार मुख्यत्वे डुकराच्या मांसाचे असतात. कोंबडीचे हवे असल्यास तसे सांगावे लागते. कोकराच्या बरगड्या, म्हणजे ‘पाइदाक्या’, हा मांसाहारी मराठी माणसाला निर्धास्तपणे सुचवावा असा पदार्थ आहे. मीठ, ओरेगानो, लिंबू आणि निखारा याशिवाय त्यात काही नसते.

शाकाहाऱ्यांनी ‘इमे होर्तोफागोस’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ करावे. स्त्रियांनाही तेच चालते. त्यापुढे ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी’, मांस नको, मासा नको, असे जोडावे, कारण मासा हे मांस नव्हे असे अनेकांना वाटते. ‘ने’ म्हणजे होय आणि ‘ओखी’ म्हणजे नाही, हे मनात पक्के असू द्यावे. इथे गोंधळ झाला तर ताटात भलतेच येते.

फसगत होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘तारामोसालाता’ ही गुलाबी किंवा पांढरट चटणी माशाच्या अंड्यांची असते. द्राक्षाच्या पानांचे ‘दोल्मादाक्या’ भाताचे असतात तसे खिम्याचेही असतात. बिनमांसाच्या प्रकाराला ‘यालान्जी’ म्हणतात. खिम्याच्या दोल्मादाक्यांवर ओतलेला पिवळसर रस्सा ‘आवगोलेमोनो’ म्हणजे अंडे आणि लिंबाचा असतो. येमिस्तामध्येही कधी खिमा असतो. भात अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, आणि क्रीटमधला प्रसिद्ध लग्नाचा भात तर तसाच करतात. तळलेले बटाटे माकुलाच्या तेलातच तळलेले असू शकतात. चीजच्या ‘पितां’मध्ये, म्हणजे सारण भरून भाजलेल्या पापुद्र्यांच्या प्रकारांमध्ये, आणि झुकिनीच्या वड्यांमध्ये बहुधा अंडे असते. अनेक पारंपरिक चीज दूध विरजण्यासाठी वासरू किंवा कोकराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरून केली जातात, हेही काटेकोर शाकाहाऱ्यांना माहीत असलेले बरे.

उरते काय? पुष्कळ उरते. ‘फासोलाक्या’ म्हणजे टोमॅटोतल्या हिरव्या शेंगा, ‘बाम्येस’ म्हणजे चक्क भेंडी, ‘यीगान्देस’ म्हणजे भट्टीतला मोठा घेवडा, मसूर, चण्याचे वडे, भाजलेल्या वांग्याची ‘मेलित्झानोसालाता’, दही-काकडी-लसणाचे ‘त्झात्झिकी’, आणि ‘होर्ता’. होर्ता म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. हिवाळ्यात त्या रानातून खुडलेल्या कडवट भाज्या असतात. उन्हाळ्यात ‘व्लिता’ मिळते, जी माठाच्याच कुळातली. घोळेची भाजीही उन्हाळ्यात तिथे कच्ची, सॅलडमध्ये खातात. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन प्रवाशांसाठी होर्ता, भाजलेल्या भाज्या, चीज, दही-मध आणि फळे हाच मुख्य आधार राहतो, कारण शिजवलेल्या जवळजवळ प्रत्येक भाजीत कांदा असतो.

आणखी एक विनंती. ग्रीक जेवण तिखट नसते. त्याची चव लिंबू, ओरेगानो, शेपू, पुदिना आणि मुख्य म्हणजे तेलाच्या प्रतीवर उभी असते. पिशवीतली चटणी पहिल्याच घासाला काढू नये. एक-दोन दिवस जिभेला अवधी द्यावा. त्यानंतरही तिखटाची आठवण झालीच, तर ‘बुकोव्हो’ मागावे. ती कुटलेली लाल मिरची असते आणि विशेषतः उत्तर ग्रीसमध्ये सहज मिळते.

पायरी ५ : मागवण्याची रीत

प्रत्येकाने स्वतःची डिश मागवून स्वतःच खायची, ही तिथली पद्धत नाही. सगळे पदार्थ टेबलाच्या मध्यभागी येतात आणि सगळे त्यातून घेतात. चौघे असतील तर एक सॅलड, दोन-तीन लहान बशा आणि दोन मुख्य पदार्थ एवढे सुरुवातीला पुरते. प्रमाण मोठे असते. कमी पडले तर पुन्हा मागवता येते आणि वाढणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. पदार्थ तयार होतील तसे येतात, क्रमाने येत नाहीत. पाव न मागता येतो आणि त्याचे माणशी थोडे पैसे लागतात. नको असल्यास आल्याबरोबर परत द्यावा. पण पाव परत देऊ नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण होर्यातिकी सॅलडमध्ये आहे.

चांगली होर्यातिकी कशी ओळखावी? तिच्यात लेट्यूस नसते. टोमॅटोच्या ओबडधोबड फोडी, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, आणि वर फेता चीजचा अख्खा चौकोनी तुकडा, त्यावर ओरेगानो आणि तेलाची धार. चीज चुरून पसरलेले नसावे. काट्याने तो तुकडा थोडाथोडा मोडत, भाजीबरोबर खात जावे. दहा-पंधरा मिनिटांत टोमॅटोचा रस, मीठ, तेल आणि फेताचा आंबटपणा बशीच्या तळाशी उतरतो; पावाचा तुकडा त्यात बुडवून, बोटांनी दाबून, पूर्ण भिजला की खावा. ग्रीक लोक बशी अशी पुसूनच रिकामी करतात, आणि हा सॅलडचा सर्वांत चांगला भाग आहे. तो न खाता बशी परत पाठवणारे प्रवासी पाहिले की मनापासून वाईट वाटते.

फेताविषयी थोडे. २००२ साली युरोपीय संघाने या नावाला संरक्षण दिले आणि २००५ साली युरोपीय न्यायालयाने ते कायम ठेवले, त्यामुळे त्या संघात ग्रीसच्या ठरावीक भागांत केलेल्या चीजलाच हे नाव लावता येते. ते किमान ७० टक्के मेंढीच्या दुधाचे असते, उरलेले शेळीचे. भारतात या नावाने अनेकदा गाईच्या दुधाचे चीज विकले जाते. मूळ चव त्याहून बरीच वेगळी, अधिक आंबट आणि भरीव असते. फेतावर थांबू नये. नाक्सोस आणि क्रीटची ‘ग्राव्हिएरा’ गोडसर आणि घट्ट असते. तळलेल्या चीजला ‘सागानाकी’ म्हणतात, वर लिंबू पिळून गरम असतानाच संपवावे.

मुसाक्याविषयीही सांगायला हवे, कारण त्याला ग्रीसचा प्राचीन पदार्थ समजले जाते. त्यावरचा दुधा-मैद्याचा पांढरा थर विसाव्या शतकात निकोलाओस त्सेलेमेन्देस या फ्रेंच पद्धतीच्या आचाऱ्याने रूढ केला. पदार्थ चवदार आहे, पण जुन्या ग्रीक स्वयंपाकाची ओळख हवी असेल तर डाळी आणि लादेरा यांकडेच वळावे.

पायरी ६ : मासळी मागवण्यापूर्वी

ताजी मासळी किलोच्या भावाने असते आणि मेनूवरचा आकडा एका किलोचा असतो. तो एका बशीचा समजून मागवणाऱ्यांना बिल पाहून धक्का बसतो. आत जाऊन मासा निवडावा, समोर वजन करायला सांगावे आणि किंमत विचारून मगच होकार द्यावा. यात संकोच मानण्याचे कारण नाही. गोठवलेल्या पदार्थांपुढे मेनूवर खूण, बहुधा तारा, असते. सारडीन, बांगड्याच्या जातीचे मासे आणि ‘गाव्रोस’ हे छोटे मासे स्वस्त, ताजे आणि उत्तम असतात. कोकणातल्या माणसाने मोठ्या माशाऐवजी तेच मागवावेत.

पायरी ७ : पेये

अथेन्समध्ये नळाचे पाणी पिण्याजोगे आहे आणि ते मागितल्यास मोफत मिळते. अनेक बेटांवर मात्र बाटलीचेच पाणी घ्यावे लागते. ग्रीक कॉफी बारीक पूड घालून छोट्या भांड्यात उकळतात आणि साखर आधीच घातली जाते, म्हणून मागवतानाच सांगावे लागते : ‘स्केतो’ बिनसाखरेची, ‘मेत्रियो’ मध्यम, ‘ग्लिको’ गोड. ती ढवळू नये, गाळ खाली बसू द्यावा आणि शेवटचा घोट सोडावा. उन्हाळ्यात बर्फ घातलेली फेसाळ ‘फ्रेडो’ कॉफी सगळीकडे दिसते. एका कॉफीवर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही.

मद्य घेणाऱ्यांनी ऊझो पाण्याशिवाय आणि खाण्याशिवाय पिऊ नये. बडीशेपेच्या वासाचे हे मद्य पाणी घातल्यावर दुधाळ होते आणि खारवलेल्या मासळीबरोबर हळूहळू घेतले जाते. खानावळीतली सुटी वाइन किलोच्या मापाने मागवतात. दोघांना अर्धा किलो पुरते. ‘रेत्सिना’ला पाइनच्या राळेचा वास असतो, तो पहिल्या घोटाला विचित्र लागतो, लसणाच्या पदार्थांबरोबर मात्र चांगला जमतो.

पायरी ८ : ज्या गावी जाल, त्या गावचे खावे

सान्तोरिनीची ‘फाव्हा’ ही लाखेच्या डाळीच्या कुळातल्या एका स्थानिक पिवळ्या डाळीची, घट्ट वरणासारखी शिजवलेली असते. वर कच्चा कांदा, केपर (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) आणि तेल घालतात. त्याच बेटावरच्या छोट्या टोमॅटोंच्या भज्याही खाव्यात. सूर्यास्ताच्या दृश्याचे पैसे घेणाऱ्या उपाहारगृहांपेक्षा बेटाच्या आतल्या गावांत हे पदार्थ चांगले मिळतात.

वेळ असेल तर सिफ्नोस बेटावर रविवार येईल असा बेत करावा. तिथे शनिवारी संध्याकाळी भिजवलेले चणे, कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्ह तेल झाकणाच्या मातीच्या भांड्यात घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रात्रभर मंद आचेवर शिजू देतात. रविवारी, चर्चमधून परतल्यावर, भांडे उघडले जाते. चणे अखंड दिसतात, पण जिभेवर विरघळतात. रस्सा दाट झालेला असतो, कांदा जवळजवळ नाहीसा होतो. वर फक्त लिंबू पिळायचे. या ‘रेविथादा’मध्ये प्राणिजन्य काहीच नसते. हा पदार्थ तिथल्या खानावळींत रविवारी दुपारी मिळतो आणि लवकर संपतो.

वोलोस शहरातल्या त्सिपुरादिकोंची रीत निराळी. त्सिपुरोची, म्हणजे द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेल्या मद्याची, छोटी बाटली मागवायची. तिच्याबरोबर काय खायला येणार ते दुकानदार ठरवतो आणि प्रत्येक नव्या बाटलीबरोबर नवी बशी येते. ही प्रथा १९२२ नंतर आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांनी रुजवली असे मानले जाते. बहुतेक बशा मासळीच्या असल्याने शाकाहाऱ्यांना तिथे फारसे काही नाही.

थेस्सालोनिकीला युनेस्कोने २०२१ साली खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली. तिथे सकाळी ‘बुगात्सा’ खावी. पातळ पापुद्र्यांत दुधाचे गोड सारण, वर पिठीसाखर आणि दालचिनी. चीजची आणि खिम्याचीही असते, म्हणून विचारून घ्यावी. क्रीटमध्ये ‘दाकोस’ मागवावा : बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, ‘मिझिथ्रा’ चीज आणि तेल. एपिरसमध्ये रानभाज्यांच्या पिता, लेस्व्होसला ऊझो आणि सारडीन, एजिनाला पिस्ते.

पायरी ९ : गोड आणि शेवटचा पाहुणचार

खानावळीत जेवणानंतर अनेकदा फळे, रव्याचा हलवा किंवा छोटा पेला मद्य न मागता येतो. हा ‘केरास्मा’, यजमानाकडून दिलेला पाहुणचार असतो. त्याचे पैसे नसतात आणि तो नाकारू नये. मद्य नको असल्यास हसून आभार मानावेत. खास मिठाई हवी असेल तर झाखारोप्लास्तिओत जावे. बकलावा आपल्याला ओळखीचा आहे, म्हणून त्याऐवजी रव्याच्या दुधाळ सारणाची, पाकात मुरलेली ‘गालाक्तोबुरेको’ निवडावी. गावाकडे कोणी घरी बोलावले, तर चमचाभर मुरवलेले फळ, पाण्याचा पेला आणि कॉफी समोर येते. तो चमचा पूर्ण खाणे हाच शिष्टाचार.

पायरी १० : बिल

बिल आपण मागेपर्यंत येत नाही, कारण ते आधी आणणे म्हणजे पाहुण्याला उठवणे असे मानतात. ‘तो लोगारियास्मो, पाराकालो’ असे म्हणावे. मेनूवरच्या किमतींत कर धरलेला असतो. टीप बंधनकारक नाही. रक्कम वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेणे किंवा सेवा चांगली असल्यास पाच ते दहा टक्के ठेवणे रीतीला धरून आहे. कायदेशीर पावती दिली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही, अशी सूचना मेनूवर छापलेली असते. म्हणून पावती घ्यावी आणि मासळीचे वजन व पावाचे पैसे तिच्यावर ताडून पाहावेत. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, पण आठवडी बाजारासाठी आणि खेडेगावातल्या काफेनिओसाठी थोडी सुटी नाणी जवळ ठेवावीत.